गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत जाल तेव्हा

अलिबागला जाणारी मंडळी समुद्र पाहतात, ओहोटीला चालत कुलाब्याच्या किल्ल्यात जाऊन येतात, किहीमला मासळीचं जेवण करतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. त्याच पट्ट्यात, अलिबागच्या उत्तरेला थळजवळ, नवगाव आहे. तिथे बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी दफनभूमी आहे आणि एक स्मारकस्तंभ आहे. अलिबागला आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही ती जागा पाहिलेली नसते. ती पाहावी, आणि कशी पाहावी हे जाण्यापूर्वी समजून घ्यावं, एवढ्यासाठी हा लेख.

बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत ती कथा अशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत खांदेरी-उंदेरीच्या बाजूच्या खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या तरल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी नवगावच्या किनाऱ्याला लावली, आणि वाचलेल्यांनी ती तिथेच पुरली, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. नवगावचे दोन उंचवटे म्हणजे त्या दोन सामायिक कबरी, असं मानतात. याला लेखी पुरावा नाही. किहीमच्या घराण्यातल्या हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी गलबताचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा धरला. इतर अभ्यासकांनी वेगळे काळ सुचवले आहेत. पण नवगावला उभं राहणाऱ्याने काळाच्या वादात अडकू नये. एका मराठी बोलणाऱ्या समाजाने आपल्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून हीच जागा धरून ठेवली आहे, हे त्या मातीचं मोल आहे.

पुढे हे लोक कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पांगले. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, नवगावकर. नावांनाही कोकणाचं वळण लागलं. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझेकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर घरच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर होते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. कबरी मात्र इथेच राहिल्या, आणि त्यांच्याकडे बघायला घरचं माणूस उरलं नाही. कोकणातल्या अशा दफनभूमींची आजची अवस्था या एका गोष्टीतून आली आहे.

किल्ल्यावर राजा भेटतो, देवळात दाता भेटतो. साधा माणूस, ज्याने घाणा चालवला, पलटणीत नोकरी केली, बाळंतपणात जीव गमावला, तो नावानिशी भेटण्याची जागा गावाबाहेरची दफनभूमी. म्हणून मला ती कुठल्याही बुरुजाइतकी महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे होणारं दुर्लक्ष फार सलतं.

आपल्याकडे एक अडचण आधीच असते. मसणवटीकडे उगाच फिरकू नये असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. बायकांना तर अजूनही कित्येक घरांतून अडवलं जातं. शिवाय पुरणं ही आपली रीत नव्हे असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात लिंगायत पुरतात, गोसावी आणि नाथपंथी समाधी देतात, आणि दहन करणाऱ्या घरांतूनही तान्ह्या मुलांना पुरण्याचीच चाल आहे. तेव्हा दफनभूमी परक्यांची म्हणून लांब ठेवण्याचं कारण नाही. बायकांनी जावं, मुलांना न्यावं. आठ-दहा वर्षांचं मूल दगडावरचं वय वाचून जे प्रश्न विचारतं ते मोठ्यांना सुचत नाहीत.

जाण्याआधी

पहिली गोष्ट परवानगीची. ओसाड दिसणारी जागाही कुणाची तरी असते. ज्यूंच्या दफनभूमीची जबाबदारी बहुधा जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे असते, म्हणून नवगावसाठी अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये आधी विचारावं. इंग्रजांच्या काळच्या दफनभूमीसाठी त्या भागातल्या चर्चमध्ये, कबरस्तानासाठी गावच्या जमातीकडे, आणि कुणालाच काही ठाऊक नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करावी. फाटकाला कुलूप नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आणि विचारायला गेलं की किल्लीबरोबर माणूस मिळतो. पुस्तकात नसलेलं बरंच काही त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं.

दुसरी गोष्ट वाराची. यहुदी लोक शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, आणि सणांच्या दिवशी कबरींवर जात नाहीत. आपल्याला शनिवार-रविवारचीच सवड असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो: नवगावला रविवारी जा. ख्रिस्ती दफनभूमीचं दर्शन २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वेगळंच असतं. वसईपासून गोव्यापर्यंत त्या दिवशी कबरी स्वच्छ करून फुलं आणि मेणबत्त्या मांडलेल्या असतात. तो कुटुंबांचा दिवस आहे. आपण गेलो तर बाजूला उभं राहावं, वाटेत येऊ नये.

तिसरी ऋतूची. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, दगडांवर शेवाळ चढतं आणि मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटीही बंद असतात. मे महिन्यात तापलेल्या जांभ्यावर तासभर टिकाव लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गवत वाळून बसलेलं असतं आणि ऊन तिरपं असतं. त्या तिरप्या उन्हाबद्दल पुढे बोलू, कारण ते फार कामाचं आहे.

कोकणात फुरशाला विसरू नका. जांभ्याच्या सड्यावर, दगडांच्या फटीत ते बसतं, रंगाने मातीत मिसळून जातं. पायात घोट्याच्या वर येणारे बूट, अंगभर कपडे आणि हातात काठी हवीच. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटावी. फटीत, कोनाड्यात हात घालू नये, आणि खचलेल्या कबरीवर कधीही उभं राहू नये, कारण आतली विटांची कमान पोकळ झालेली असते. देशावरच्या जुन्या घुमट्यांना आग्या मोहोळ लागलेलं असतं. तिथे मोठ्याने बोलणं, धूर आणि अंगावरचं अत्तर, तिन्ही टाळावं. पाणी जवळ ठेवावं, आणि कुठे जातोय हे घरी सांगून निघावं.

दगड वाचताना

फाटकातून आत गेल्यावर लगेच नावं वाचत सुटू नका. आधी कडेकडेने एक फेरी मारा. सगळ्यांत जुन्या कबरी कुठे आहेत, तोंड कुठल्या दिशेला आहे, मुलांची रांग वेगळी आहे का, कुठली झाडं आहेत, हे आधी बघा. दफनभूमीत पांढरा चाफा हमखास असतो. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्याकडे इतकं रुळलं की देवळातही आलं आणि कबरीवरही. जिथे चाफे ओळीने उभे असतील तिथे कधीकाळी आखीव वाट होती असं समजायला हरकत नाही.

मग दगड. कोकणात जांभा, देशावर काळा पाषाण. हा फरक ध्यानात ठेवला तर बरंच उलगडतं. जांभा सच्छिद्र आणि भरड, त्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही. म्हणून कोकणातल्या कबरी जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधून वर चुन्याचा गिलावा केलेला असतो आणि नाव असलंच तर वेगळ्या संगमरवरी पाटीवर असतं. गिलावा पावसाने सुटतो, पाटी कुणीतरी उचलून नेतं आणि कबर निनावी होते. त्यामुळे नाव नाही म्हणजे कधीच नव्हतं असं गृहीत धरू नका. चौथऱ्याच्या डोक्याकडच्या बाजूला पाटी बसवलेला चौकोनी खळगा दिसतो का ते बघा. देशावरच्या काळ्या पाषाणात कोरलेलं अक्षर मात्र दोनशे वर्षांनीही बोटाला लागतं.

संगमरवर वाऱ्या-पावसाने साखरेसारखा भुसभुशीत होतो आणि अक्षरं पुसट होतात. अशा वेळी तिरपं ऊन उपयोगी पडतं. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर किरण दगडाला घासून जातात, खोलगट अक्षरात सावली पडते आणि दुपारी कोरा वाटलेला दगड वाचता येतो. दगड सावलीत असेल तर एक साधा आरसा घेऊन उन्हाचा झोत बाजूने टाका. सोबतीला एक जण असला तर हे सहज जमतं. अक्षरात शिसं भरलेल्या पाट्यांची आणखी एक गंमत आहे. शिसं निघून गेलं तरी ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं दगडात राहतात. भोकांची मांडणी बघून अक्षर ओळखता येतं, आणि चार-पाच अक्षरं अशी जुळली की अख्खं नाव हाती लागतं. एका दगडापुढे अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं मानू नका.

काय करू नये हे जास्त महत्त्वाचं आहे. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू घासू नये, पीठ किंवा भस्म चोळू नये, रॉकेल, अॅसिड, तारेचा ब्रश तर अजिबात नको. दगडफूल खरवडू नये, त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्रा येतो. कोरड्या मऊ कुंचल्याने माती झटकली तर चालेल, तीसुद्धा दगड घट्ट असेल तरच. अक्षरांत ऑइलपेंट भरून कबर 'नवी' करण्याची हौस आपल्याकडे फार आहे. भरणाऱ्याला वाचता आलं नाही तर तो चुकीचं अक्षर भरतो आणि खरं अक्षर कायमचं जातं.

आता लिपी. बेने इस्रायलींच्या दफनभूमींत एकाच दगडावर हिब्रू, मराठी आणि कधी इंग्रजी असा मजकूर सापडतो. हिब्रू येत नसेल तरी घाबरू नका, मराठी ओळी तुमच्याच आहेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. अगदी वर पे आणि नून ही दोन अक्षरं असली तर 'येथे पुरले आहे' याची ती खूण. दोन पसरलेले हात कोरलेले असतील तर माणूस कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातला. पाण्याची झारी असेल तर लेवी. यहुदी वर्ष असेल तर त्यातून ३७६० वजा करा: ५६६० म्हणजे इसवी सन १९००. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. समाधीवर शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळपासचं इसवी वर्ष मिळतं. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे, त्याच्या बाबतीत ते पडताळून पाहा: तो १११८ हिजरीत वारला, हिशेब १७०६-०७ येतो, आणि त्याचा मृत्यू मार्च १७०७ मधला आहे.

कंपनी सरकारच्या काळच्या इंग्रजी दगडांवर संक्षेप फार. एच. ई. आय. सी. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, एन. आय. म्हणजे देशी पायदळ, एच. एम. असेल तर पलटण कंपनीची नसून थेट राजाची. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. मधेच तुटलेला खांब दिसला तर माणूस ऐन उमेदीत गेला असं समजा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रोटेस्टंट कबरींवर क्रूस क्वचितच असतो. शंकू, मनोरे, कलश यांचीच तेव्हा चलती होती. त्यामुळे क्रूस नाही म्हणून कबर ख्रिस्ती नाही असा निष्कर्ष काढू नका.

एकेक नाव वाचून झालं की वर्षं एकत्र बघा. १८१८ च्या पुढे दोन-तीन वर्षांत कबरी दाटलेल्या दिसल्या तर लढाईबरोबर पटकीचीही शंका घ्या, कारण पहिली मोठी साथ तेव्हाच दख्खनेत आली. १८९६ नंतरचा पट्टा प्लेगचा असू शकतो, १९१८ चा इन्फ्लुएन्झाचा. आई आणि मूल यांच्या तारखा चार दिवसांच्या अंतराने असतील तर दगडावर कारण लिहिण्याची गरज नसते. नोंदवहीत एक रकाना वयाचा ठेवा. घरी येऊन त्यावर नुसती नजर फिरवली तरी त्या काळचं जगणं कसं होतं ते कळतं.

घोडनदीचा कर्नल

नवगावहून अगदी वेगळी, पण तितकीच बोलकी जागा शिरूरला आहे. पुणे-नगर रस्त्यावर घोड नदीकाठी वसलेलं हे गाव, लोकांच्या तोंडी घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती इथूनच, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. छावणी उठली, दफनभूमी राहिली.

तिथे कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. १८०३ च्या असईच्या लढाईत तो इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत होता, आणि १८०९ मध्ये शिरूरला वारला. पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८५ मध्ये निघालं. त्यात नोंद आहे की शिरूरचे लोक या कर्नलाला सत्पुरुष मानत, ब्राह्मण आणि मारवाडी सोडून गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले बाकी सारे हिंदू त्याच्या कबरीला पुजत, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य आणत. ज्या फौजेने पुढे पेशवाई बुडवली त्या फौजेचा हा अधिकारी, आणि त्याच्या थडग्यापुढे शेतकऱ्याने नव्या पिकाचा घास ठेवायचा! शाळेत शिकलेल्या इतिहासाच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही. बसवायचा प्रयत्नही करू नका. हे अडाणीपण म्हणून हसण्यावारी नेणं जितकं चूक, तितकंच त्यातून इंग्रजांच्या चांगुलपणाचा निर्वाळा काढणंही चूक. गावाने एका माणसाला आपल्या दैवतांच्या ओळीत बसवलं, त्याचं मूळ गाव जाणे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 'हे खरं का हो?' असं पोलिसी थाटात विचारू नका. 'तुमच्याकडे काय सांगतात?' असं विचारलं की माणूस मोकळा होतो.

अशा ठिकाणी जाण्यापूर्वी जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर वाचावं असा माझा आग्रह आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेले हे खंड आता संगणकावरही वाचायला मिळतात. कुलाब्याचा खंड १८८३ चा. गावाच्या नावाखाली एखादी ओळ सापडते आणि तेवढ्या ओळीने दफनभूमीचं दार उघडतं. मात्र ती नजर साहेबाची आहे हे वाचताना विसरू नये. इंग्रजांच्या कबरींसाठी आणखी एक आधार आहे. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये लंडनमध्ये एक संस्था काढली, आणि तिच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोकणातल्या ज्यू किंवा देशावरच्या लिंगायत दफनभूमीसाठी इतकी जय्यत व्यवस्था नाही. तिथे जे करायचं ते आपल्यालाच करायचं आहे.

बाकी ठिकाणांची नुसती नावं सांगून पुढे जातो. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर संगम माहुलीला राजघराण्याच्या समाध्या आहेत, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. खुलताबादला मलिक अंबर आणि निजाम-उल-मुल्क यांच्या कबरी आहेत. तिथे दर्ग्याचे नियम पाळावे लागतात, चपला बाहेर, डोकं झाकलेलं. दापोलीला लोक अजूनही कॅम्प म्हणतात, तिथे इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. कोकणात नवगावला गेलात तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा टापाही पाहा. प्रेषित एलिया रथातून आला त्याची खूण म्हणून तो खडक दाखवतात, आणि नवस फेडायला बेने इस्रायली तिथे मलिदा करतात. ती दफनभूमी नाही, पण नवगावची गोष्ट तिथे पुरी होते.

वागणं

कबरीवर बसू नये, डबा ठेवू नये, पाय टेकवून बुटाची नाडी बांधू नये. दोन कबरींच्या मधून चालावं, कबरीवरून ओलांडून जाऊ नये. ज्यूंच्या दफनभूमीत पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल ठेवावा. तिथे फुलांऐवजी कबरीवर छोटा खडा ठेवण्याची रीत आहे. आधी कुणी ठेवलेले खडे उचलू नयेत, ते कचरा नाहीत, कुणीतरी भेटून गेल्याची ती नोंद आहे. बाहेर पडताना हात धुण्याचीही त्यांची रीत आहे. आपण पाळली तर तिथल्या माणसाला बरं वाटतं. आत दफनविधी चालू असेल तर फोन खिशात घालून शांतपणे बाहेर या आणि दुसऱ्या दिवशी जा.

फोटो काढताना आधी पूर्ण कबर, मग मजकूर जवळून, मग आजूबाजूची खूण दिसेल असा, असे तीन घ्या. नुसता मजकुराचा फोटो वर्षभराने कुठला होता ते आठवत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या कबरींचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांचे मुलगे-मुली आज हयात आहेत, मग ती अलिबागला असोत की इस्राएलमधल्या अश्दोदला. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. रात्री दफनभूमीत शिरून भुताटकीचे व्हिडिओ काढणाऱ्यांच्या नादी लागू नका, ते पुढेही पाठवू नका. अशा व्हिडिओंनी जागेची बदनामी होते, गर्दी होते, दगड हलतात, आणि मग विश्वस्त फाटकाला कुलूप लावतात. त्याचा फटका खऱ्या वाचणाऱ्याला बसतो, आणि इस्राएलहून आजोबांची कबर शोधत आलेल्या नातवालाही.

वातावरण अनुभवायचं असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. वाचून झालं की नोंदवही मिटा आणि अर्धा तास कुंपणाच्या कडेला सावलीत बसा. नवगावला समुद्र जवळ आहे. ज्या गावात ही माणसं जगली त्याचा रोजचा गलका तिथवर येतो की नाही, ते ऐका. जागा कशासाठी निवडली असेल याचा विचार करा. इतिहासाच्या पुस्तकात न मिळणारी समज अशा बसण्यातून येते, असा माझा अनुभव आहे.

घरी आल्यावर मात्र काम संपत नाही. जे वाचलंत ते स्वच्छ लिहून काढा: ओळ जशी आहे तशी, चूक असेल तर चुकीसकट, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. शेजारी कबरीची जागा दाखवणारा साधा नकाशा काढा. त्याची एक प्रत विश्वस्तांना द्या, एक गावच्या ग्रंथालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, एक तालुक्याच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना द्या. संगमरवराच्या पाट्या दर पावसाळ्याला थोड्या थोड्या झिजत आहेत, आणि कोकणातल्या कित्येक दगडांवरचा मराठी मजकूर अजून कुणीही उतरवून घेतलेला नाही. येत्या हिवाळ्यातला एक रविवार त्यासाठी राखून ठेवा.